खाता बांदा, बसता बांदा

"आपण ऑर्किड पाहिले आहे काय?" हा छापील प्रश्नावलीतला चौथा प्रश्न. सकाळी साडेसातपासून अकरापर्यंत एकोणीस घरं झाली आणि एकोणीसही कागदांवर एकच उत्तर पडलं, नाही. पाचवा प्रश्न होता, "असल्यास, त्यांच्या अधिवासाचा ऱ्हास होत आहे असे आपणांस वाटते काय?" चौथ्याला 'नाही' म्हटलं की हा आपोआप गळायचा. सर्वेक्षण झपाट्यानं उरकत होतं. गंमत अशी की ज्या ओट्यावर बसून ही 'नाही'ची रांग लावणं चाललं होतं, त्याच्या समोरच्या आंब्यावर दोन पुरुष उंचीला व्हँडाचे, म्हणजे ऑर्किडचेच, सात-आठ झुपके होते आणि दोन झुपके फुलावर आलेले.

गाव रामटेकच्या पुढचं, जबलपूर रस्त्यावरून आत वळल्यावर लागणारं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होऊन पाच दिवस झाले होते. ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही दुरुस्त करायचं काम होतं. जैवविविधता कायदा 2002 चा. त्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिनं गावातल्या लोकांना विचारून नोंदवही करायची. राष्ट्रीय हरित लवादानं 31 जानेवारी 2020 ही मुदत बांधून दिली, तेव्हा देशभर नोंदवह्या धडाधड लिहिल्या गेल्या. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपुरातच आहे, त्यामुळे इकडच्या गावांना निदान फॉर्म आणायला लांब जावं लागत नाही. पण घाईत लिहिलेल्या नोंदवहीची ओळख पटकन पटते. झाडांच्या यादीत आंबा, मोह, साग, पळस, कडुलिंब ठीक असतात. 'झाडावर वाढणाऱ्या वनस्पती' या ओळीत एक आडवी रेघ असते. या गावातही तीच रेघ होती.

साडेअकराला गावाच्या टोकाकडून कटर मशीनचा आवाज सुरू झाला. आतला रस्ता रुंद होणार होता आणि कडेच्या आंब्यांवर नंबर पडून महिना झाला होता. झाडतोडीच्या पंचनाम्यात झाडाची जात, छातीच्या उंचीला घेर आणि लाकडाचा अंदाज येतो. झाडावर काय बसलंय याला रकाना नसतो. त्यामुळे परवानगी देणारा, तोडणारा आणि मोजणारा, तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि वरची वनस्पती मात्र काटक्यांबरोबर पेटते.

पहिली मोठी फांदी धाडकन खाली आली. तिच्यावर पाच झुपके होते. दोन चेंगरले, तीन धड राहिले. हातभर लांबीचा एक तुकडा करवतीनं कापून घेतला, फुलांच्या दांडीसकट, आणि तो तसाच चावडीच्या पारावर आणून ठेवला. पाच मिनिटांत दहा-बारा जण जमले.

"हे काय होय?" असं विचारलं तर एकसुरात उत्तर आलं, "बांदा होय जी."

पुढचं सगळं या एका शब्दानं उघडलं. सकाळी ज्यांनी ऑर्किड पाहिलं नव्हतं, त्यांना बांद्याबद्दल किती सांगू न् किती नको असं झालं. कुणाच्या धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) आंब्याला किती आहेत, कोणत्या मोहावर आधी होते, कानात ठणका लागला की पानं गरम करून रस कसा पिळायचा, पुष्य नक्षत्रावर आणलेला बांदा तिजोरीत ठेवला तर काय होतं. एका काकूंनी पदराला हात पुसले आणि मूळ बोटात धरून म्हणाल्या, "हे तिळाच्या तेलात कढवतेत. टोंगळ्याले लावाले." टोंगळा म्हणजे गुडघा. आयुर्वेदात रास्ना म्हणून निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वनस्पती वापरतात, बंगालकडे याच व्हँडाची मुळं. त्यामुळे काकूंचं तेल काही हवेतून आलेलं नव्हतं. कानात रस टाकण्याबद्दल मात्र नोंदवहीत 'वापर सांगितला' एवढंच लिहावं. तो करा असं तिथं कुणाच्या तोंडी घालू नये.

आणि मग ओट्याला टेकून बसलेले एक आबाजी शांतपणे म्हणाले, "तोडालेच पायजे. झाडाले खाते हा."

सभा एकदम त्यांच्या बाजूनं झाली. सगळ्यांनी मान हलवली. सालभरात आंब्याच्या झाडावरून बांदे उतरवणं हे गावात चांगल्या शेतकऱ्याचं लक्षण मानलं जात होतं.

इथं थोडं थांबून शब्दाकडे पाहायला हवं, कारण घोटाळ्याचं मूळ तिथंच आहे. विदर्भात बांदा म्हणतात ते दोन वनस्पतींना. एक म्हणजे बांडगूळ, आंब्यावर हमखास दिसणारं, जाड समोरासमोर पानांचं, नारिंगी नळीसारख्या फुलांचं. ते खरंच झाडात घुसतं आणि त्याच्या नळ्यांतून पाणी-क्षार ओढतं. दुसरी म्हणजे आपली व्हँडा टेसेलाटा, पट्ट्यासारखी दुमडलेली पानं, टोकं कुरतडल्यासारखी, फूल पिवळट-तपकिरी चौकटींचं, ओठ निळसर-जांभळा. ती झाडावर नुसती बसते. घोटाळा आजचा नाही. अमरकोशात वन्दा हा शब्द आला आहे आणि त्याच्या शेजारीच पर्याय दिलेत: वृक्षादनी आणि वृक्षरुहा. एक झाड खाणारी, दुसरी झाडावर उगवणारी. पुढे 1820 साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञानं या ऑर्किडच्या वंशाचं (जीनसचं) नाव पक्कं केलं ते याच शब्दावरून आलेलं, व्हँडा. म्हणजे जगभरच्या रोपवाटिकांत ज्या नावानं महागडी फुलं विकली जातात, ते नाव आणि आबाजींच्या तोंडचा 'बांदा' एकाच घरातले.

भाषण देऊन आबाजी हलले नसते. म्हणून दोन गोष्टी दाखवायचं ठरलं. समोरच्याच आंब्यावर बांडगूळही होतं. एका पोरानं आकडीनं त्याची अंगठ्याएवढी जाड फांदी, आंब्याच्या फांदीसकट, खाली ओढली. जिथं बांडगूळ जोडलेलं असतं तिथं गाठ येते, कांद्यासारखी फुगलेली. विळ्यानं ती गाठ उभी चिरायची, आडवी नाही. उभी चिरली की आंब्याच्या लाकडात शिरलेला बांडगुळाचा फिकट पाचरीसारखा भाग डोळ्यांनी दिसतो, आणि त्या गाठीच्या पुढची आंब्याची फांदी बारीक होत गेलेली, कधी वाळलेलीच असते. लोकांना हे माहीत होतं. आबाजी नुसते "हं" म्हणाले.

मग ऑर्किडचा तुकडा. मूळ कोरडं असताना चांदीसारखं पांढरं असतं आणि सालीला गच्च चिकटलेलं. पितळी लोट्यातलं पाणी त्यावर ओतलं. मिनिटाभरात पांढरं मूळ हिरवं झालं. एक पोरगी ओरडलीच. मुळाच्या बाहेर मेलेल्या पेशींचा स्पंजसारखा थर असतो, वेलामेन म्हणतात त्याला. कोरडा असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून पांढरा, पाणी भरलं की पारदर्शक होतो आणि आतला हिरवा भाग दिसतो. म्हणजे हे मूळ पावसाचं, दवाचं पाणी थेट पितं, आणि वर पानासारखं अन्नही करतं. दहा मिनिटं ओलं ठेवल्यावर नख घालून ते हळूच उचललं. सालीवर फक्त पांढरट वण राहिला. काकूंनी त्या वणावर विळ्याचं टोक फिरवून पाहिलं. साल सलग होती, कुठं भोक नाही. त्याच विळ्यानं लाकूड चिरलं, आत काहीच शिरलेलं नव्हतं.

आबाजींनी तुकडा हातात घेऊन उलटापालटा केला. "खात नाही हे ठीक हाय. पण मंग ज्या आंब्यावर बांदे जास्त, तो आंबा कमी काहून लागते?"

हा प्रश्न त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न. त्यांचं निरीक्षण बरोबर होतं, कुठल्याही गावात खरं ठरेल असं. बांदे जुन्या झाडावर जास्त असतात आणि जुनं झाड कमी लागतं. कारण तेवढं उलटं लागलं होतं. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक, त्यात पोटापुरतंही अन्न नसतं. उगवायला त्याला सालीतली ठराविक बुरशी भेटावी लागते आणि खडबडीत भेगा लागतात, जिथं पाऊस-वाऱ्यानं ते धुऊन जाणार नाही. कोवळ्या आंब्याची साल गुळगुळीत असते, तिच्यावर ते टिकत नाही. साल फाटायला, त्यात धूळ आणि शेवाळ बसायला कित्येक वर्षं लागतात. तोवर आंबा म्हातारा. म्हणजे झाड म्हातारं झालं म्हणून बांदा आला. बांदा आला म्हणून झाड म्हातारं झालेलं नाही. एक खरी अडचण तेवढी सांगायला हवी, नाहीतर लोक पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाहीत. झुपके फार झाले आणि फांदी आधीच पोखरलेली असली तर ओल्या वजनानं ती पावसाळ्यात मोडू शकते. तेवढा दोष ऑर्किडच्या पदरात टाकायला हरकत नाही.

"मंग याले येगळं नाव पायजे," काकू म्हणाल्या. थोडा वेळ दोघी-तिघींत कुजबुज झाली. "तो खाता बांदा. हा बसता बांदा."

वृक्षादनी आणि वृक्षरुहा. अमरकोश त्यांच्या घरात असण्याचं काही कारण नव्हतं.

त्यानंतर प्रश्नावलीतले चौथा-पाचवा प्रश्न खोडून तिथं पेनानं 'बसता बांदा' लिहिलं आणि त्याच एकोणीस घरांत दुपारी पुन्हा फेरी झाली. आता कागद पुरेनात. अधिवासाचा ऱ्हास हा शब्द कुणी वापरला नाही, पण सांगितलं ते तेच. गावाला आमराई होती, आता चार झाडं उरली. जुने आंबे वीटभट्टीला गेले, कारण गावरान आंब्याला बाजारात भाव नाही आणि लाकडाला आहे. वाटण्या झाल्या, धुरे नांगरात गेले, धुऱ्यावरची झाडं सातबाऱ्यावर दोन भावांत भांडण लावतात म्हणून तोडली. "आमराईत राती गार लागे, आता नाई लागत," असं तिघांनी तरी वेगवेगळं सांगितलं. हे वाक्य अंगणातल्या गप्पांतलं वाटतं, पण व्हँडाच्या जगण्याशी त्याचा थेट संबंध आहे. ती दिवसा पानाची छिद्रं बंद ठेवते आणि रात्री उघडून हवा घेते, घायपात-निवडुंगासारखी. दिवसाचं पंचेचाळीस अंश ती काढते, रात्र कोरडी आणि तापलेली असली की खचते. आमराई गेली की रात्रीचा तो ओलसर गारवा जातो, आणि एकाकी उरलेल्या आंब्यावरची नवी रोपं पहिल्याच उन्हाळ्यात सुकतात. जुनी तग धरतात, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे.

एका तरुण शेतकऱ्यानं विचारलं, एवढी संत्र्याची झाडं आहेत, त्यांच्यावर का येत नाही? इकडच्या माणसालाच सुचेल असा प्रश्न. उत्तर त्याच्याच घरात होतं. संत्र्याच्या खोडाला पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो पेस्ट लावतात, मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. डिंक्या रोगासाठी ती हवीच. पण मोरचुदातलं तांबं बुरशी मारतं, आणि ऑर्किडच्या कोवळ्या मुळांनाही सोसत नाही. वर संत्र्याची साल गुळगुळीत आणि बाग पंचवीसेक वर्षांत बदलली जाते. बागायतदारावर रागावून उपयोग नाही. बागेच्या कुंपणावरचा एखादा जुना आंबा किंवा बाभूळ राखली तरी पुरे.

सगळ्यात नेमकी माहिती दिली ती कटर मशीन चालवणाऱ्यानं. तो शिवनीकडचा, वर्षाचे आठ महिने रस्त्याकडेची झाडं तोडतो. बांदे नाल्याच्या अंगाच्या फांद्यांवर जास्त असतात, सरळसोट वाढलेल्या झाडावर नसतात, दुबेळक्यात (दोन फांद्या फुटतात त्या जागी) हमखास असतात, हे त्यानं कुणी न विचारता सांगितलं. असं निरीक्षण कुठल्याच प्रश्नावलीत येत नाही, कारण प्रश्नावली घेऊन त्याच्याकडे कुणी जात नाही.

उरलेली झाडं पडायच्या आत वरचे झुपके उतरवायचं ठरलं. ही कामाची बाजू सविस्तर लिहितो, कारण इथं चुका ठरलेल्या असतात.

फांदी पाडू नये, दोरानं उतरवावी. कापायच्या जागेपासून हातभर पुढे एक दोर, शेंड्याकडे दुसरा, पहिला दोर वरच्या बेळक्यावरून टाकून खाली दोन माणसांच्या हातात. एका फांदीला वीसेक मिनिटं जातात आणि ठेकेदाराची माणसं रोजंदारीवर नाही तर झाडावर पैसे घेतात, म्हणून ती कुरकुरतात. गावची चार माणसं आणि दोर आपण दिले आणि फक्त झुपके असलेल्या फांद्यांपुरतंच मागितलं, तर होकार मिळतो. त्या दिवशी मिळाला.

खाली आल्यावर ओढायचं नाही. ओढलं की मूळ सालीवर राहतं आणि हातात नुसता बुंधा येतो, तो पुढे महिनाभर हिरवा दिसून मग मरतो. लोकांना वाटतं लावणी चुकली. मनगटाएवढी फांदी असेल तर दीड-दोन फुटांचा तुकडा ऑर्किडसकट कापून घ्यावा. त्याहून जाड असेल तर ओलं बारदान पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवावं, मुळं हिरवी आणि लवचीक झाली की बोथट पात्यानं सोडवावीत, आणि जिथं सुटत नाहीत तिथं पटाशीनं सालीचा पापुद्रा बरोबर काढावा. पातं प्रत्येक झुपक्यानंतर ज्योतीवर धरावं. चेंगरलेली मुळं धड भागापर्यंत छाटून कापलेल्या तोंडाला कोळशाची पूड लावावी. इथं एक भाबडी चूक होतेच होते. मदतीला आलेला शेतकरी घरून कॉपर ऑक्सिक्लोराइडचा डबा घेऊन येतो, कारण झाडाच्या जखमेला त्याच्याकडे तेच औषध. ते नको. कारण वर बोर्डोच्या वेळी आलंच.

नेताना प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नाही. नवतप्यात गाडीच्या टपावर तासभर बंद पिशवी राहिली तर आत भाजी शिजते. सुटं पोतं, वरून पाणी मारलेलं, तोंड उघडं. नंबरासाठी मार्कर वापरू नये, नागपूरच्या उन्हात तो पंधरा दिवसांत उडतो. डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून खिळ्यानं नंबर ठोकला की वर्षानुवर्षं राहतो. नंबरासमोर वहीत चार गोष्टी लिहाव्यात: कोणतं झाड, जमिनीपासून किती उंच, कोणत्या दिशेला, आणि फूल किंवा शेंग होती का. दिशा लिहायची लोक विसरतात आणि पुढे बांधताना तीच सगळ्यात जास्त लागते. पूर्व-उत्तरेला वाढलेला झुपका पश्चिमेला बांधला तर दुपारच्या उन्हानं पानं पिवळी पडून चट्टे येतात.

तीन झाडांवरून सव्वीस झुपके हाती लागले. पाऊस यायला अजून पंधरा-वीस दिवस होते, आणि कोरड्या उन्हाळ्यात झाडावर बांधणं म्हणजे वाळत घालणं. म्हणून ते एका वाड्यातल्या गोठ्याच्या उत्तरेकडच्या वळचणीला सुतळीनं उलटे टांगले. उलटे यासाठी, की पानांच्या बेचक्यात पाणी साचून कोंब कुजू नये. पाणी पहाटे आणि दिवेलागणीनंतर, फवाऱ्यानं, मुळं हिरवी होईपर्यंत. दुपारी कितीही केविलवाणं दिसलं तरी नाही. ज्या घरानं जबाबदारी घेतली तिथल्या सूनबाईंना एवढंच सांगितलं, मूळ पांढरं तर पाणी, हिरवं तर थांबा. त्यांना दुसरं काही सांगावं लागलं नाही.

बांधणी दुसऱ्या दमदार पावसानंतर झाली, जुलैच्या सुरुवातीला. झाडं निवडताना गावात वाद झाला तो ऐकण्यासारखा. सागवान म्हणाले काही जण, वनविभागाचं आहे, कुणी तोडणार नाही. पण साग ऐन उन्हाळ्यात बोडका असतो, तेव्हाच सावली हवी. अर्जुनाची साल पापुद्र्यांनी गळते आणि बरोबर ऑर्किड घेऊन येते. निलगिरी, पेरू त्याच कारणानं बाद. उरले आंबा, मोह आणि जुनी बाभूळ. मोहावर एक अट घातली ती बायकांनीच: आठ हातांच्या वर बांधा. मार्चमध्ये मोहफुलं वेचायला खालचा पाचोळा जाळतात आणि झळ खालच्या फांद्यांपर्यंत जाते. न जाळता झाडाखाली जाळी पसरूनही फुलं गोळा होतात, पण जाळीला पैसे लागतात आणि काडेपेटीला लागत नाहीत. ते एका दिवसात सुटणारं नव्हतं, म्हणून उंचीवर समझोता झाला.

बांधायला जुन्या लुगड्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या. सुती कापड सहा-आठ महिन्यांत कुजून गळतं, तोवर मुळांनी साल धरलेली असते. नायलॉनची दोरी मुळात रुतते. बांधकामाची तार त्याहून वाईट, उन्हात तापते आणि कापते. झुपका हलता कामा नये, नवं मूळ साल शोधतं आणि रोप डोलत राहिलं की त्याचं टोक घासून मरतं. पानं किंचित खाली झुकलेली, म्हणजे पाणी ओघळून जाईल. नारळाची शेंडी, शेवाळ, माती काही घालायचं नाही. आपल्याकडच्या पावसात ती शेंडी चार महिने भिजलेली राहते.

ऑगस्टअखेर तपासणीला गेलो तेव्हा सव्वीसांतले एकोणीस धरले होते, मुळांना हिरवी टोकं फुटलेली. सात गेले. त्यातले दोन वानरांनी उपसले, चिंधीच्या रंगानं ती ओढली जातात की काय कोण जाणे, पण लाल काठाच्या पट्ट्याच नेमक्या उपसलेल्या होत्या. दोन बाभळीवर होते आणि बाभळीची ती फांदीच कुंपणाला तोडून नेली. एक कुजला, कारण एका भल्या माणसानं रोज सकाळी तांब्याभर पाणी थेट कोंबात घातलं. उरलेले दोन चोरीला गेले, पत्र्याच्या नंबरासकट. नागपुरात घराच्या बाल्कनीत गावरान ऑर्किड टांगायची हौस वाढलीय. रानातून काढलेली रोपं विकणं हा गुन्हा ठरू शकतो आणि ऑर्किडच्या सगळ्या जाती परदेशी व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं. कुंडीत कोळसा भरून लावलेली ती रोपं पहिल्या मे महिन्यात मरतात आणि मग दुसरी येतात.

मेलेल्या झुपक्याची मुळं काकूंनी मागून घेतली, टोंगळ्याच्या तेलासाठी. समितीच्या बैठकीत त्यावरून एक ठराव झाला, की वाळलेलं, पडलेलं कुणीही न्यावं, झाडावरचं नाही. ठराव सुचवला आबाजींनी. अमरकंदाबद्दलही कुणीतरी विषय काढला. तेही ऑर्किडच, पण जमिनीतलं. त्याचा कंद खणून नेतात, तोही फुलावर असतानाच, कारण एरवी तो सापडतच नाही आणि शेंग पिकायच्या आत रोप संपतं. शेंग फुटेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, जागेवर काठी रोवून ठेवायची आणि मग खणताना एक कंद मागे सोडायचा, असं सुचवून पाहिलं. "काठी दिसली का दुसराच खणून नेईन," असं उत्तर आलं. त्यावर कुणाकडेच काही नव्हतं, आमच्याकडेही. तो विषय पुढच्या बैठकीवर गेला.

नोंदवहीतली ती आडवी रेघ आता नाही. तिथं दोन ओळी आहेत. 'खाता बांदा: आंबा, मोह. गाठीखालून छाटावा, फळ धरण्याआधी.' या ओळीला समासात कुणीतरी पेन्सिलीनं जोड दिली आहे, सगळा काढू नये, हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या त्यावरच वाढतात. ती गावच्या शाळेतल्या मास्तरांची असावी. दुसरी ओळ, 'बसता बांदा: जुना आंबा, मोह, बाभूळ. झाड तोडायचं झाल्यास आधी कळवणे.' कुणाला कळवणे, तो रकाना अजून रिकामा आहे.